मुलीच्या कानाचं ऑपरेशन: सातव्या वर्षी की दहाव्या?

सप्रेम नमस्कार डॉक्टर,

माझी मुलगी मुक्ता (नाव बदललं आहे) गेल्या डिसेंबरात सात वर्षांची झाली. तिचा उजवा कान जन्मापासून तयारच झालेला नाही. वर कातडीची एक वळकटी आहे, खाली पाळीचा छोटा तुकडा आहे, आणि भोक नाही. डावा कान अगदी व्यवस्थित आहे. जुलै 2018 मध्ये खग्रास चंद्रग्रहण होतं तेव्हा मला पाचवा महिना होता. वेध लागल्यावर मी विळीवर कांदा चिरला, असं सासूबाई आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

पुण्यातले एक डॉक्टर म्हणाले, दहा वर्षांची होऊ दे, बरगडीतून कान करू. मुंबईतले दुसरे म्हणाले, थांबता कशाला, इम्प्लांट घालून एकाच ऑपरेशनमध्ये आत्ताच कान होईल. यजमानांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की परदेशात आता कान छापून मिळतो, म्हणून त्यांचं म्हणणं अजून थोडं थांबू. घरातले मोठे म्हणतात, लग्नाच्या आत झालं म्हणजे झालं. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या आहेत. उजवी वेणी कानावरून ओढून घाल म्हणून मुक्ता रोज सकाळी रडते. अभ्यासात बरी आहे, पण हाक मारली की इकडेतिकडे बघत राहते, वर्गात लक्ष नसतं अशी बाईंची तक्रार आहे. खर्चाचं दडपण आहेच. आणि दुसऱ्या मुलाचा विचार चाललाय, त्यालाही असंच होईल का?

एक आई, कराड तालुका

---

सप्रेम नमस्कार,

तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं वाक्य जाता जाता लिहून टाकलंय. हाक मारली की मुक्ता इकडेतिकडे बघत राहते, ते. त्यात लक्ष नसण्याचा काही संबंध नाही. आवाज कुठल्या बाजूने आला हे कळायला दोन्ही कान लागतात, आणि तिला एकाच कानाने ऐकू येतं. शांत खोलीत समोर बसून बोललात तर तिला सगळं कळेल, म्हणून घरात कोणाच्या ध्यानात येत नाही. पन्नास मुलांच्या कलकलाटात, पंखा चालू असताना, उजवीकडून कोणी बोललं की तिचं निम्मं सुटतं. बाईंना हे आधी सांगा. मुक्ताला वर्गात पुढे आणि तिच्या उजव्या हाताला भिंत येईल अशी बसवा, म्हणजे डावा कान बाईंकडे आणि वर्गाकडे राहील. याला पैसा लागत नाही, आणि हे उद्या होऊ शकतं.

दोन डॉक्टर, यजमान, सासूबाई, सगळे कान कसा दिसेल यावर बोलतायत. ऐकण्याबद्दल पत्रात कोणीच काही बोललेलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. दिसण्याचं काम थांबू शकतं, ऐकण्याचं नाही.

ज्या मुलांचं कानाचं भोक बंद असतं त्यांच्यात बहुतेक वेळा आतला कान, म्हणजे आवाज मेंदूकडे पोहोचवणारा भाग, चांगला असतो. अडथळा असतो तो बाहेरून आत जाणाऱ्या वाटेत. त्यामुळे त्या बाजूला बहुतेकदा 40 ते 60 डेसिबलच्या आसपास श्रवणदोष असतो, म्हणजे नेहमीचं बोलणं त्या कानाला जेमतेम कळतं किंवा कळतच नाही. वाट बंद असली तरी कवटीच्या हाडातून कंपन आत पोहोचतं. म्हणूनच हाडावाटे ऐकवणारं श्रवणयंत्र मिळतं. लहान मुलांसाठी ते डोक्याच्या पट्ट्यावर बसवलेलं असतं, त्यासाठी चिरफाड नाही. दोन्ही कान बंद असलेल्या बाळांना ते पहिल्या काही महिन्यांतच लावावं लागतं, नाहीतर भाषा मागे पडते. एकाच कानाचा प्रश्न असलेल्या मुलांत काहींना त्याचा चांगला उपयोग होतो, काही मुलं दोन दिवसांत काढून ठेवतात. वापरून पाहिल्याशिवाय कळत नाही. तर पहिलं काम, दोन्ही कानांचा ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं याचा आलेख काढणारी तपासणी. त्यात हवेवाटे आणि हाडावाटे अशा दोन्ही चाचण्या हव्यात. जन्मानंतर बेरा चाचणी, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का हे डोक्याला तारा लावून बघायची तपासणी, झाली असेल तर तो कागदही शोधून ठेवा.

डावा कान आता तिचा एकुलता एक भरवशाचा कान आहे, तेव्हा त्याचे लाड करा. त्यात तेल घालायचं नाही, हेअरपिन, काडी, बड काही नाही. सर्दी लांबली, कानात दडे बसले, ठसठसलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. उजव्या बाजूला भोक नसलं तरी आत कातडीची गाठ वाढण्याची थोडी शक्यता असते. त्या बाजूला दुखलं, सूज आली, स्राव झाला तर तेही लगेच दाखवायचं. शिवाय आजवर झालं नसेल तर एकदा जबडा, चेहऱ्याच्या हालचाली आणि मान तपासून घ्या, मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्या. कानासोबत कधी कधी चेहऱ्याची ती बाजूही थोडी लहान राहते, क्वचित इतर अवयवांतही फरक असतो.

आता सासूबाईंचा कांदा. गर्भात बाहेरचा कान साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात सहा छोट्या उंचवट्यांपासून घडायला लागतो आणि त्याचा आकार पहिल्या तीन महिन्यांत ठरून जातो. पाचव्या महिन्यातलं ग्रहण आलं तेव्हा मुक्ताचा कान जसा व्हायचा तसा होऊन गेला होता. असा कान काही हजार जन्मांमागे एका बाळात आढळतो, उजव्या बाजूला जास्त, मुलग्यांत जास्त, आणि बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. गरोदरपणी घेतलेली काही औषधं, आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह ही माहीत असलेली थोडी कारणं. विळी त्यात नाही. हे सासूबाईंना पटेल न पटेल, पण मुक्तासमोर हा विषय निघणं बंद झालं पाहिजे आणि ते यजमानांनी आपल्या आईला सांगायचं काम आहे, तुमचं नाही.

आता ऑपरेशन. मी स्वतः प्लास्टिक सर्जन आहे आणि माझा कल बरगडीकडे आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं त्या हिशेबाने वाचा.

बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला जिथे जोडतात तिथे त्या कूर्चेच्या असतात, म्हणजे चिवट, थोडं वाकणारं मऊ हाड. ती कोरून कानाचा सांगाडा करायची पद्धत अमेरिकेतल्या टॅन्झर यांनी 1959 मध्ये मांडली, पुढे ब्रेंट यांनी ती वाढवली आणि 1993 मध्ये जपानच्या नागाता यांनी ती दोन टप्प्यांवर आणली. ऑपरेशन थिएटरमध्ये काय होतं ते सांगते, कारण आईबापांना हे कोणी नीट सांगत नाही. आधी चांगल्या कानावर पारदर्शक फिल्म ठेवून त्याची रेघन् रेघ उतरवून घेतात आणि ती फिल्म उलटी करतात, डाव्याचा उजवा. छातीवर खाली आडवा छेद घेऊन सहावी, सातवी आणि आठवी, काही वेळा नववीही, अशा बरगड्यांची कूर्चा काढतात. सहावी आणि सातवी जिथे एकमेकींना चिकटलेल्या असतात त्या रुंद तुकड्यातून कानाचा तळ होतो. आठवी लांब आणि सडपातळ असते, तिची बाहेरची गोल कड होते. तुकडे केसासारख्या बारीक पोलादी तारेने एकमेकांना शिवतात. तिकडे जुन्या कानातल्या निरुपयोगी गाठी काढून टाकतात, पाळीचा तुकडा जिथे हवा तिथे फिरवून आणतात, कातडीखाली खिसा करतात आणि सांगाडा आत सरकवतात. या क्षणी बाहेरून नुसता फुगवटा दिसतो. मग आत ठेवलेल्या बारीक नळ्यांना सक्शन लावतात आणि कातडी सांगाड्यावर खाली बसत जाते. वरची घडी, मधला खळगा, समोरचा छोटा उंचवटा, एकेक करून दिसायला लागतो. इतकी वर्षं झाली तरी तेव्हा थिएटरमधलं सगळं बोलणं थांबतं.

हा कान पहिल्या टप्प्यानंतर डोक्याला चिकटलेला असतो. साधारण सहा महिन्यांनी दुसऱ्या टप्प्यात तो उचलतात, मागे कूर्चेची पाचर ठेवतात आणि मागच्या बाजूला कातडीचा कलम लावतात. त्या पाचरीसाठीची कूर्चा बहुतेक वेळा पहिल्या वेळीच काढून छातीच्या कातडीखाली जपून ठेवलेली असते.

दहा वर्षं का, याचं उत्तर इथेच आहे. सांगाड्याला पुरेशी कूर्चा लागते. नागातांच्या पद्धतीत मूल साधारण दहा वर्षांचं आणि छातीचा घेर 60 सेंटिमीटर झालेला असावा अशी अपेक्षा असते. ब्रेंट यांच्या पद्धतीत सहाव्या वर्षापासून सुरुवात करत, पण टप्पे जास्त होते. बाहेरचा कान सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत मोठ्या माणसाच्या कानाच्या खूप जवळ पोहोचलेला असतो, त्यामुळे दहाव्या वर्षी केलेला कान पुढे लहान पडत नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी उगाच टोलवलेलं नाही. पुढच्या भेटीत टेप घेऊन मुक्ताच्या छातीचा घेर मोजायला सांगा, सडपातळ मुलींना कधी कधी आणखी एखादं वर्ष लागतं.

इम्प्लांटचा रस्ताही खोटा नाही. सच्छिद्र पॉलिइथिलिनचा तयार सांगाडा वापरायला कॅलिफोर्नियातल्या राइनिश यांनी 1991 च्या सुमारास सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या वर्षीही करता येतो, छातीला हात लावावा लागत नाही, बहुतेकदा एकाच मोठ्या ऑपरेशनमध्ये काम होतं, आणि चांगल्या हातांत कान सुबक होतो. मग मी का बिचकते? तो कायम परकाच पदार्थ राहतो. वरची कातडी फाटली, जोरात मार लागला, जंतुसंसर्ग झाला, तर दहा-वीस वर्षांनीही तो उघडा पडू शकतो किंवा मोडू शकतो. बरगडीची कूर्चा जिवंत असते, छोटी जखम ती पचवते. आणि दुसरं कारण कन्सल्टिंगमध्ये सहसा कोणी सांगत नाही. इम्प्लांट झाकायला कानशिलाखालचा पातळ पडदा, आम्ही त्याला फॅशिया म्हणतो, आधीच वापरून टाकावा लागतो. बरगडीच्या कानात काही बिघडलं तर हाच पडदा आमचा राखीव गडी असतो. तो पहिल्याच डावात उतरवला की पुढे दुरुस्ती अवघड होते. मुंबईतल्या डॉक्टरांकडे जायचंच असेल तर इम्प्लांट बसवून पाच-दहा वर्षं झालेल्या मुलांचे फोटो मागा, नुकत्याच टाके काढलेल्यांचे नकोत. पुण्याच्या डॉक्टरांनाही हाच नियम. वर्षाला असे किती कान करता, हेही विचारा. संकोच कसला त्यात, घरासाठी गवंडी ठरवताना विचारतोच की आपण. या शस्त्रक्रियेत पहिली संधी सगळ्यात चांगली असते, फसलेला कान पुन्हा करणं फार जिकिरीचं.

एक क्रम मात्र कधीही उलटा होऊ देऊ नका. बंद भोक उघडायचं ऑपरेशन, किंवा हाडात बसवायचं श्रवणयंत्र, कानाच्या आकाराचा विचार न करता आधी उरकलं तर नेमक्या त्याच जागी व्रण पडतात आणि कूर्चा झाकायला हवी ती कोवळी कातडी वाया जाते. बरगडीचा कान करायचा असेल तर आधी कान, मग भोक. भोक उघडणं सगळ्यांना लागूही पडत नाही. सीटी स्कॅनमध्ये आतली हाडं, पोकळी, चेहऱ्याची नस कुठून जाते हे बघून ठरतं, आणि उघडलेलं भोक पुन्हा आकसण्याचा त्रास असतो. एकच कान बंद असेल तर मी या बाबतीत सावध असते. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन यांना एकदा तुमच्यासमोर एकमेकांशी बोलायला लावा, फोनवर का होईना.

यजमानांचा छापील कान. बातमी खरी आहे. 2022 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथे मेक्सिकोच्या एका 20 वर्षांच्या तरुणीला तिच्याच पेशींपासून छापलेला कान बसवला गेला. पण तो प्रयोगाचा भाग होता. रुग्णालयात जाऊन मागावा असा उपचार अजून नाही, आणि त्याच्या आशेवर मुक्ताची वर्षं घालवू नयेत.

नवा कान कसा असेल हे तिला खरंखरं सांगा. चष्मा टिकेल, मास्क अडकेल, केस मागे घेता येतील. पण डाव्याची हुबेहूब नक्कल नसेल, घड्या थोड्या जाड असतील, सुरुवातीला बधिर असेल, आणि त्याने ऐकू येण्यात काहीही फरक पडणार नाही. ऑपरेशननंतर कानापेक्षा छातीच जास्त दुखते. खोकताना, हसताना आठ-दहा दिवस जीव जातो. छातीवर एक व्रण कायम राहील. क्वचित फुफ्फुसाच्या आवरणाला इजा होते, कधी कातडीचा तुकडा काळा पडतो, तार बाहेर येते, संसर्ग होतो. काही आठवडे त्या कुशीवर झोपायचं नाही, पाठीला दप्तर नाही, खो-खो नाही. पहिला टप्पा वार्षिक परीक्षा झाल्यावर मे महिन्यात धरलात तर दुसरा बरोबर दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येतो आणि शाळा कमीत कमी बुडते.

दहाव्या वर्षापर्यंत थांबण्याचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो हाच, की तोवर मुक्ता स्वतः बोलू शकेल. सात वर्षांच्या मुलीला "तुला कान हवा का?" विचारलं तर ती तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देईल. दहा वर्षांची मुलगी विचारते की दुखेल का, किती दिवस, तुम्ही जवळ असाल का. जिला स्वतःला हवं असतं ती दुखणं निभावून नेते, ड्रेसिंगला बसते, कुशीवर वळत नाही. आणि ती नको म्हणाली तर? तर नको. कान न करता जगणारी माणसं आहेत, नोकऱ्या करतात, संसार करतात. मधला मार्ग म्हणून सिलिकॉनचा कृत्रिम कान असतो, गोंदाने चिकटवायचा किंवा हाडातल्या खुंटीवर बसवायचा. दिसायला अगदी खराखुरा, पण रंग उडतो आणि काही वर्षांनी नवा करावा लागतो. खुंटीसाठी जे छेद घ्यावे लागतात त्यांनी पुढे बरगडीचा कान करणं कठीण होतं, म्हणून मुलांसाठी मी तो सहसा सुचवत नाही. लग्नाच्या आत वगैरे जे चाललंय त्यावर मला एवढंच म्हणायचंय की सात वर्षांच्या मुलीच्या शस्त्रक्रियेची तारीख तिच्या न ठरलेल्या लग्नावरून ठरवायची नसते.

पण आजची सकाळ तर निभवायची आहे. वेणीचं शाळेला लिहून द्या, मुख्याध्यापिकांना भेटा. एक सैल वेणी किंवा कानावर येणारा रुंद हेअरबँड, यात शाळेचं काही जात नाही. त्याचबरोबर घरी मात्र केस मागे घ्यायची सवय ठेवा, नाहीतर लपवायची गोष्ट आहे हे आपणच शिकवतो. मुलांनी विचारलं तर काय म्हणायचं याचं एक वाक्य तिला पाठ करून द्या. "जन्मापासून असाच आहे, दुखत नाही, चल खेळू." आरशासमोर म्हणू दे, तुम्ही चिडवणाऱ्या मुलीचं काम करा. मुलांना बहुतेक वेळा उत्तर हवं असतं, ते मिळालं की ती पुढे जातात. सतत छळणारं कोणी असेल तर तो बाईंचा आणि तुमचा विषय, मुक्ताचा नाही. आणि "ऑपरेशन झालं की सगळं ठीक होईल" हे वाक्य घरातून काढून टाका.

बायकांच्या घरात पुढे येणारच म्हणून लिहिते, उजव्या पाळीला आत्ता टोचायचं नाही. तो तुकडा शस्त्रक्रियेत लागणार आहे. पुढे दोन्ही टप्पे नीट भरून आल्यावर सर्जनला विचारून पाळीत डूल घालता येईल. बुगडी मात्र त्या कानात कधीच नाही, कूर्चेला भोक पाडलं आणि ते चिघळलं तर सगळी मेहनत पाण्यात. हौस असेल तर दाबाची बुगडी घ्या, हल्ली छान मिळतात.

खर्चाचं. मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, अशा मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, तिथे चौकशी करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये काय बसतं हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी विचारून घ्या. खासगी विम्यात बाहेरून दिसणारं जन्मजात व्यंग बऱ्याचदा वगळलेलं असतं, किंवा सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया म्हणून दावा फेटाळतात. पॉलिसीतलं ते कलम आत्ताच वाचा. श्रवणचाचणी आणि यंत्रासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणीही तपासणी होते. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मात्र धावपळ करू नका. 2016 च्या कायद्यात श्रवणदोष दोन्ही कानांत लागतो, एका कानावर तो सहसा मिळत नाही.

दुसऱ्या बाळाचं. मुक्ताला फक्त कानाचाच दोष असेल आणि दोन्हीकडच्या नात्यात असं कोणी नसेल तर पुन्हा तसंच होण्याची शक्यता कमी असते. शून्य नसते. तपासणीत तिच्या जबड्यात किंवा चेहऱ्यात फरक आढळला, किंवा नात्यात कोणाच्या कानासमोर मांसाचा छोटा कोंब, कमी ऐकू येणं असं काही असेल, तर दिवस राहायच्या आधी जनुकतज्ज्ञांना भेटा. साखर तपासा. चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगा, मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यासुद्धा, कारण त्यांनी गर्भाच्या कानावर परिणाम होतो हे नक्की माहीत आहे. बाळ जन्मल्यावर कान कसेही दिसोत, पहिल्या महिन्यात त्याची श्रवणचाचणी करून घ्या.